रस्ता दारात, पदवी पडद्यावर

रात्री साडेदहाच्या विरार लोकलमधून मीरा रोडला उतरणाऱ्या गर्दीत एखादा तरुण स्थापत्य अभियंता हमखास असतो. दिवसभर रस्त्याच्या कामावर उभे राहायचे, घरी येऊन जेवण उरकायचे, मुलाला झोपवायचे आणि मग लॅपटॉप उघडायचा. त्याला हवी असते रस्तेबांधणीतली पदव्युत्तर पदवी, तीही नोकरी न सोडता. पगार थांबला, तर घराचा हप्ता कोण भरणार?

या विषयाला मीरा रोडकरांनी तरी नाक मुरडू नये. खाडी, खाजण आणि मिठागरांच्या शेजारी वाढलेले हे गाव. अशा मऊ, ओलसर जमिनीवर वरचे डांबर कितीही उत्तम असो. खालचा थर खचला आणि पाण्याला वाट मिळाली नाही, की खड्डा पडणारच. रस्ता म्हणजे वरचा काळा पट्टा नव्हे, त्याखालची माती, मुरूम आणि खडीही आहे. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून मोजमापे घेतली गेली. आसावरचा भार दुप्पट झाला, तर रस्त्याची झीज सुमारे सोळापट होते, हा ठोकताळा त्यातूनच निघाला. घोडबंदर रस्त्यावरचा ओव्हरलोड ट्रक पाहिला की हे गणित आठवावे. ते जाणणारी माणसे आपल्याला हवीच आहेत.

प्रश्न आहे तो पदवीच्या कागदाचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनी अभियांत्रिकीच्या पदव्या दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने देण्यास मुभा दिलेली नाही. आयआयटीसारख्या राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांची गोष्ट वेगळी. त्यांचे कायदे स्वतंत्र आहेत. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार अभिमत विद्यापीठांच्या दूरस्थ अभियांत्रिकी पदव्यांचा निकाल दिला. २००१ ते २००५ मधल्या प्रवेशांच्या पदव्या स्थगित झाल्या, त्या विद्यार्थ्यांना परीक्षेची एक वाट ठेवली गेली. त्यानंतरच्या पदव्या मात्र रद्दच ठरल्या. फी भरलेली, वर्षे गेलेली, बढतीचा आधार मात्र पायाखालून सरकलेला! चूक संस्थांची होती. शिक्षा भोगली घरांनी.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी घरच्यांनीही तीन गोष्टी विचाराव्यात. ही पदवी आहे की नुसते प्रमाणपत्र? मान्यता कुणाची, आणि ती लेखी दाखवता येते का? आपले कार्यालय बढतीसाठी ती धरते का? जाहिरातीतल्या हसऱ्या चेहऱ्यांपेक्षा या उत्तरांवर भरवसा ठेवावा.

ज्ञान मात्र कागदाची वाट पाहत नाही. आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००३ मध्ये सुरू केलेल्या 'एनपीटीईएल'वर व्याख्याने फुकट ऐकता येतात. पण पडद्यावर डांबराचा वास येत नाही, आणि चाळणीतून खडी घातल्याशिवाय तिची प्रत कळत नाही. इथेच आपल्या महाविद्यालयांचे कर्तव्य येते. त्यांच्या प्रयोगशाळा रविवारी कुलूपबंद का असाव्यात? सिद्धांत ऑनलाइन, चाचण्या सुट्टीच्या दिवशी हाताने आणि परीक्षा समोर बसून, अशी रीतसर मान्य पदवी नोकरदारांना मिळाली पाहिजे. अभ्यासाच्या काळात एखादी पाळी सैल करण्याचे औदार्य पालिका आणि कंत्राटदारांनीही दाखवावे. शिकलेला माणूस शेवटी त्यांच्याच रस्त्यावर उभा राहणार आहे.

मध्यरात्री जागणाऱ्या त्या तरुणाच्या घरात आणखी कुणीतरी जागे असते. मुलाचा अभ्यास, सासूबाईंचे औषध आणि सकाळचा डबा सांभाळून नवऱ्याला दोन तास मिळवून देणारी ती बायको. आणि कित्येक घरांत अभियंता तीच असते. मग हे सारे उरकून पुस्तकही तिनेच उघडायचे असते. त्या दोन तासांची किंमत फीच्या पावतीवर नसते. त्यांच्या बदल्यात हाती येणारा कागद खराच असला पाहिजे.