दिव्याचा उकाडा

दिव्याखाली अंधार असतो, ही म्हण सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु दिव्याखाली उकाडाही असतो, ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा पुष्कळदा ४५ अंशांपलीकडे जातो. सूर्य मावळला तरी छपराची व भिंतींची धग ओसरत नाही. अशा वेळी पत्र्याच्या लहानशा खोलीत पिवळा दिवा लावून माणसे बसतात, आणि उकाड्याचा सारा दोष पडलेल्या वाऱ्याला देतात. ज्या दिव्याकडून त्यांना केवळ उजेड हवा असतो, तोच त्यांच्या खोलीत निमूटपणे उष्णता ओतीत असतो.

याचे कारण त्या दिव्याच्या घडणीतच आहे. काचेच्या गोळ्यात टंगस्टनची अतिशय बारीक तार असते. विजेच्या प्रवाहाने ती सुमारे अडीच हजार अंशांपर्यंत तापते आणि तापल्यामुळेच प्रकाशते. मिळालेल्या विजेपैकी जेमतेम विसावा हिस्सा उजेडाच्या रूपाने बाहेर पडतो. उरलेली बहुतेक वीज उष्णता बनते. कोंबडीच्या नुकत्याच जन्मलेल्या पिलांना ऊब मिळावी म्हणून त्यांच्यावर असेच दिवे टांगतात. पिलांना जी ऊब जीवन देते, ती उन्हाळ्यात अभ्यासाला बसलेल्या मुलाला कशी सुखावह व्हावी?

एलईडी दिव्याची रीत निराळी आहे. त्यात तार तापवावी लागत नाही. अर्धवाहक पदार्थाच्या इवल्याशा तुकड्यातून वीज वाहू लागली, की त्यातून थेट प्रकाश निघतो. असा निळा प्रकाश देणारा दिवा साधल्यावरच पांढऱ्या उजेडाचे एलईडी दिवे शक्य झाले. त्या शोधाबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी आमानो व शुजी नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता थोडा हिशेब करावा. ६० वॅटचा जुना दिवा जितका उजेड देतो, जवळजवळ तितकाच उजेड ९ वॅटचा एलईडी दिवा देतो. खोलीतला प्रकाशही भिंती व जमीन शोषून घेतात आणि अखेर त्याचीही उष्णताच होते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर पडते. म्हणजे दोन जुने दिवे लावणे हे कोंदट खोलीत आणखी एक माणूस आणून बसवण्यासारखेच होय! दोन एलईडी दिव्यांची उष्णता मात्र अवघी १८ वॅट भरते.

यावर कोणी म्हणेल, की छपरावरचे ऊन याहून कितीतरी अधिक तापवते. मग दिव्याचा एवढा विचार कशाला? आक्षेप खरा आहे. केवळ दिवा बदलल्याने खोलीत हिवाळा अवतरत नाही. छपराला चुन्याचा पांढरा हात द्यावा, दुपारी खिडकीवर पडदा सोडावा, रात्री वारा आत घ्यावा, हे सर्व करावेच. परंतु सूर्य माणसाच्या हातात नाही; दिव्याचे बटण मात्र त्याच्या हातात आहे. शिवाय ज्याच्या घरी हवा थंड करणारे यंत्र आहे, तो जुन्या दिव्यापायी दुहेरी भुर्दंड सोसतो: आधी पैसे देऊन उष्णता विकत घेतो आणि मग पैसे देऊनच ती बाहेर घालवतो. ज्याच्या घरी असे यंत्र नाही, त्याला ती अंगावरच सोसावी लागते.

जुना दिवा विकत घेताना स्वस्त वाटतो, पण त्याची खरी किंमत विजेच्या बिलात आणि कपाळावरच्या घामात मोजावी लागते. म्हणून उजेडासाठी एलईडी दिवाच पत्करणे शहाणपणाचे आहे. मात्र रिकाम्या खोलीत जळणारा चांगला दिवाही अपव्ययच होय. सर्वांत थंड दिवा कोणता? गरज सरताच जो आठवणीने मालवला जातो, तो.