खातं ड्रायव्हरचं, पासबुक मालकाचं

यंत्रांविरुद्ध माझी तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी रोज सकाळी उल्हासनगरच्या आमच्या शाखेत शिरताना एका काळ्या डबीवर अंगठा टेकवतो. पूर्वी मस्टर होतं. मस्टरला डोळे असत, पण ते हेडक्लार्कचे; बदलापूर लोकल अंबरनाथला रखडली म्हटलं की ते मिटायचेही. डबीचे मिटत नाहीत. तरी मी तिला शिव्या देत नाही, कारण संध्याकाळी मी पुन्हा अंगठा टेकवतो आणि ती मला सोडते. माझं सगळं भांडण या दुसऱ्या अंगठ्यावरून आहे.

आमच्या खालच्या मजल्यावर एक ट्रान्स्पोर्टवाले राहतात. सहा ट्रक. उल्हासनगरचं फर्निचर, अंबरनाथच्या एमआयडीसीतली पिंपं, मिळेल ते वाहतात. सहाही गाड्यांना जीपीएस बसवलं तेव्हा त्यांनी बिल्डिंगभर पेढे वाटले. (मुलगा दहावी पास झाला तेव्हा नुसते बत्तासे होते.) तेव्हापासून दर रविवारी रात्री मला चहाला बोलावून ते मोबाइलवरचे सहा ठिपके दाखवतात. "बघा बँकवाले, आता थाप मारायची सोय नाही!"

अशाच एका रविवारी पुण्याहून निघालेला एक ठिपका खोपोलीजवळ थांबला. सातव्या मिनिटाला यांनी फोन लावला.

"काय रे, गाडी का थांबली?"

"डोळा लागत होता शेठ, बाजूला घेतली."

"माल सकाळी आठला गेटवर पायजे. झोप मग."

ठिपका निघाला. माझा चहा मात्र घशाखाली उतरेना. ज्याचे डोळे मिटताहेत, त्याला आपण दोघांनी खुर्चीत बसून, बशीत चहा ओतत, अंधारात पुढे ढकललं होतं.

पण खरी गंमत पुढेच. साडेसातला गाडी आनंदनगर एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर हजर. मी संध्याकाळी लोकलमधून उतरून विचारलं, तर ठिपका तिथेच! पाचनंतर गाडी खाली झाली. साडेनऊ तास! खोपोलीच्या सात मिनिटांना फोन गेला आणि गेटवरच्या साडेनऊ तासांना कुणी हूं की चूं केलं नाही. "मग तिथे झोपला असेल की," शेजारी म्हणाले. झोपतो कसला! रांग दर अर्ध्या तासाला दोन हात पुढे सरकते. डुलकी लागली की मागचा पुढे घुसतो.

आता थोडं अमेरिकेला जाऊ. उल्हासनगरवाल्यांना यूएसए म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद पाठ आहे. मी म्हणतो ती पलीकडची. तिथे डिसेंबर 2017 पासून ट्रकच्या इंजिनालाच यंत्र जोडणं बहुतेकांना सक्तीचं झालं. सलग दहा तास विश्रांती झाल्यावर चौदा तासांच्या आत जास्तीत जास्त अकरा तास गाडी हाकायची, हा तिथला नियम. पूर्वी ही नोंद कागदी वहीत होई आणि ड्रायव्हर लोकच त्या वहीला 'कॉमिक बुक' म्हणत, यावरून तिची सत्यता ओळखा. तिथलेही ड्रायव्हर यंत्रावर चिडले. गेटवर ताटकळलं तरी चौदा तासांचं घड्याळ धावतंच, ही त्यांची रड. म्हणजे गेट इथूनतिथून सारखंच! पण निदान ते यंत्र माणसाचे तास मोजतं. आमचं मालाचे मोजतं.

कायदा आपल्याकडे नव्हता असं नाही. 1961 सालीच मोटार वाहतूक कामगारांचा कायदा झाला: दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. नितीन गडकरी यांनी 2021 च्या सप्टेंबरात ट्रकचालकांना विमानाच्या पायलटांसारखे ठरावीक तास असावेत, झोप ओळखणारे सेन्सर बसवावेत, असंही म्हटलं. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या नव्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली. छानच. आता झोप यायला गारवाही मिळेल. झोपायची परवानगी तेवढी राहिली.

उलट मालाचा थाट पाहा. 2018 पासून ई-वे बिल आलं. साध्या मालाला दर दोनशे किलोमीटरमागे एक दिवसाची मुदत असते. गाडी अडकली तर मुदत संपायच्या आठ तास आधी किंवा नंतर ती वाढवून मागता येते. पिंपांना मुदतवाढ आहे, पिंपं वाहणाऱ्याला नाही! फास्टॅग फेब्रुवारी 2021 मध्ये सक्तीचा झाला, तशी टोलच्या रांगेत डोळे मिटायची दहा मिनिटंही गेली. कुणी म्हणेल, हा प्रगतीला विरोध आहे. बरं, आहे!

मी कॉमर्सचा पदवीधर आहे. सेकंड क्लास का होईना. एकच गोष्ट घोटून शिकलो: प्रत्येक नावे रकमेला जमा असते. ड्रायव्हरच्या नावे सात मिनिटं पडत असतील, तर गेटवरचे साडेनऊ तास कुणाच्या नावे टाकायचे? यंत्राकडे दोन्ही नोंदी आहेत, पण उतारा फक्त मालकाला मिळतो. खातं एकाचं आणि पासबुक दुसऱ्याच्या खिशात, असा कारभार बँकेत केला तर आम्हाला तुरुंगात घालतील.

हा ड्रायव्हर आमच्याच शाखेचा खातेदार निघाला. परवा पासबुक भरून घ्यायला आला. डोळे लाल. खिशातला मोबाइल दोनदा वाजला, तो त्याने तसाच दाबला. मशीन कुरकुरत ओळी छापत होतं, तिकडे तो टक लावून बघत होता.

"साहेब, आमच्या गाडीतल्या डबीचं असं पुस्तक नाय निघत का?"

"कशाला हवंय, दादा?"

"गेटवाल्याला दाखवीन. न्हायतर बायकोला. तिला वाटतं मी कुठंतरी मजा मारतो."

रविवारी मी शेजाऱ्यांकडे विषय काढला. म्हटलं, महिन्याला एक उतारा त्यालाही द्या, काय बिघडतं? त्यांनी बशी खाली ठेवली. "बँकवाले, ड्रायव्हरच्या हातात हिशेब दिला तर धंदा कोण करणार?" आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. "तो तीन नंबर बघा. अकरा मिनिटं झाली." आणि नंबर फिरवू लागले.