नर जन्मलेली कोळंबी माता होते तेव्हा

एखाद्या कोळंबीच्या अंगी नर व मादी या दोहोंची लक्षणे दिसली, तर ती अपशकुनी समजण्याचे कारण नाही. कवचधारी प्राण्यांत असे मिश्रलिंगी जीव अधूनमधून आढळतात. त्यामागील कारण समजून घेतल्यास शेततळ्याच्या उत्पन्नाचा एक प्रश्न उलगडतो.

या प्राण्यांत नरत्व एका सूक्ष्म ग्रंथीवर अवलंबून असते. कोळंबीत ही नरग्रंथी चालण्याच्या पाचव्या पायाच्या बुडाशी असते. तिचे कार्य फ्रान्समधील शास्त्रज्ञ एलेन शार्नियो-कोतों यांनी १९५४ साली दाखवून दिले. गोड्या पाण्यातील जंबो कोळंबीच्या कोवळ्या नराची ही ग्रंथी काढली, तर तो मादी बनून अंडी देतो. उशिरा काढल्यास बदल अपुरा राहतो. अशा मातेची संतती नर निपजते, हे इस्राएलमधील संशोधकांनी १९९० साली दाखविले. माता व पिता दोघेही मूळचे नर असल्याने मादी होण्यास लागणारे गुणसूत्र पिलांस मिळतच नाही. पुढे २०१२ साली शस्त्रक्रियेवाचून, ग्रंथीतील संप्रेरकाचे जनुक तात्पुरते निष्क्रिय करून, हेच साधण्यात आले.

नर मादीहून मोठा होतो. म्हणून सर्वनर बीजाचे आकर्षण स्वाभाविक आहे. परंतु सर्व नर म्हणजे सर्व मोठे नव्हेत. निळ्या नांग्यांचे दांडगे नर इतरांची वाढ खुंटवितात. यास्तव मोठी कोळंबी वेळोवेळी काढून विकणे अगत्याचे आहे. हे न करणाऱ्याने महाग बीजाचा खर्च करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ही कोळंबी पश्चिम किनाऱ्यावरील नद्यांतही राहते. तिची मादी अंडी घेऊन खाडीच्या मचूळ पाण्याकडे उतरते, कारण पिले तेथेच वाढतात. लिंग पालटलेली माता नदीत सुटली, तर तिच्या पिलांत मादी असणार नाही, आणि माद्या घटल्या की नदीचे बीज घटेल. तेव्हा बीजोत्पादकांनी अशा माता बंदिस्त ठेवाव्यात, शेतकरी बंधूंनी उरलेले बीज ओढ्यात सोडू नये, आणि तळ्याच्या सांडव्यास बारीक जाळी आहे की नाही, हे ग्रामीण कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी पाहावे. तळ्याचा नफा नदीवर जगणाऱ्या कोळी बांधवांच्या तोट्यातून येता कामा नये.