जॉबर किती मीटर विणतो?

समानता ही फार चांगली गोष्ट आहे. पण ती हिशेबाच्या वहीतून काढायला गेले की घोटाळा होतो, असे माझे ठाम मत आहे. तीस वर्षे इचलकरंजीत दिवाणजी म्हणून वह्या लिहिलेल्या माणसाने हे म्हणावे याचे कुणाला नवल वाटेल. पण वहीत काय मावत नाही, हे वही लिहिणाऱ्यालाच आधी कळते. आणि घाबरू नका, मी राज्यघटनेवर बोलत नाही. मी एका खेळावर बोलतो आहे.

खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. 'भुयारे आणि अजगर' असे मराठी केले असते, पण अजगराला पंख नसतात आणि माझ्या पुतण्याच्या ड्रॅगनला ते असतात. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोन गृहस्थांनी तो काढला. वीस बाजूंचा फासा, कागद, पेन्सिल आणि अमर्याद वेळ एवढेच भांडवल लागते. यातला शेवटचा जिन्नस आमच्या गावात पूर्वी फक्त वीज गेल्यावर मिळायचा. एकजण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक सोंग घेतात. कुणी लढवय्या, कुणी मांत्रिक, कुणी चोर, कुणी जखमा भरून काढणारा पुजारी. एक शाहीरसुद्धा असतो आणि तो गाऊन सोबत्यांना हुरूप आणतो. कोल्हापूर जिल्ह्यात हे एकच सोंग कुणाला समजावून सांगावे लागत नाही. मग सगळे भुयारात उतरतात, म्हणजे आमच्या माडीवर चढतात.

तर आमच्या माडीवर सध्या तंटा आहे. मांत्रिक शिरजोर झाला आहे. हा गडी सुरुवातीला इतका नाजूक की मांजराने पंजा मारला तरी आटोपला. पण दहा पायऱ्या चढला की आकाशात उडतो, आगीचे गोळे टाकतो, गुप्त होतो. लढवय्या मात्र पहिल्या दिवशी तलवार मारत होता आणि आजही तलवारच मारतो. आमच्यातला लढवय्या मुलगा दोन रविवार आलाच नाही.

"काका, त्याचा क्लास अंडरपॉवर्ड आहे," पुतण्या म्हणाला. डॉक्टर हिमोग्लोबिन कमी आहे म्हणतात त्याच आवाजात.

मग काय, सगळी इंजिनिअरिंगची पोरे! लॅपटॉप उघडला आणि तक्ता मांडला. कोणते सोंग दर फेरीला शत्रूला सरासरी किती इजा करते, ते दोन दशांश स्थळांपर्यंत. लढवय्याच्या तलवारीला वाढीव गुण दिले, मांत्रिकाच्या आगीचे काढले, बेरजा जुळल्या. जुळलेल्या बेरजेचा आनंद मला ठाऊक आहे, त्यासाठी मी पूर्वी रात्री जागवल्या आहेत. पण हा तक्ता चूक आहे.

कसा, ते आमच्या शेडमध्ये या म्हणजे दाखवतो. यंत्रमागावर विणकराची मजुरी मीटरवर मोजतात, ठीकच आहे, कापड तो काढतो. पण वहिफणीवाला? हजारो दोरे एकेक करून वहीतून आणि फणीतून ओवतो. कापड किती विणले? शून्य मीटर. कांडी भरणारी बाई? शून्य. आणि जॉबर तर बघायलाच नको, बाकावर बसून तंबाखू मळत असतो. एका नव्या मालकाने त्यावरून एकदा टोकले, तेव्हा जॉबर शांतपणे म्हणाला, "मालक, म्या बसलोय तवर तुमचं बरं चाललंय. म्या उठलो की समजा तुमचं नुकसान सुरू." आता या माणसाला दर तासाला चार मीटर विणायला लावून तुम्ही समानता आणणार का? तो विणेलही. पण बिघडलेल्या मागाशी मग कोण बोलणार?

दुसरी बाजूही मला मान्य नाही. सांगलीचे माझे एक स्नेही बुद्धिबळाचे जुने दर्दी. सांगली पडली बुद्धिबळाचे माहेरघर, त्यामुळे ते जगातल्या सगळ्या तंट्यांचा निकाल चौसष्ट घरांत लावतात. ते म्हणाले, "अहो, प्यादं कधी वजिराशी बरोबरी मागतं का?" नाही मागत. पण का नाही मागत? पटावरची सोळाही मोहरी एकाच माणसाची असतात म्हणून. प्यादे मेले तर खेळणारा हळहळतो, प्यादे घरी जाऊन रुसत नाही. या खेळात प्रत्येक मोहऱ्यामागे कुणाचा तरी पोरगा बसलेला असतो, आठवडाभर वाट बघून सायकलवरून आलेला. त्याला तीन तास नुसते बसवून ठेवायचे आणि 'प्याद्याने तक्रार करू नये' म्हणायचे, हे सांगलीत चालत असेल.

बरे, तक्त्याचा प्रयोग साहेबांच्या देशातही होऊन गेला आहे. जुन्या नियमांत युक्ती वेगळी होती. १९८१ च्या पुस्तकात दुसऱ्या पायरीवर जायला चोराला १,२०० गुण पुरत, लढवय्याला २,०००, मांत्रिकाला २,५००. म्हणजे ज्याला पुढे राज्य मिळायचे त्याला जिना उंच. ओबडधोबड, पण सरळ. २००० साली सगळ्यांना एकच जिना केला आणि मांत्रिक धावत सुटला. मग २००८ मध्ये उलटे टोक, सगळ्या सोंगांना एकाच साच्यातल्या शक्ती. बेरजा जुळल्या, आणि लोक म्हणू लागले की तलवारवाला आणि मंत्रवाला एकाच ताग्यातून कापल्यासारखे वाटतात. २०१४ साली तो साचा गुंडाळला.

माझे म्हणणे एवढेच, की इजा मोजू नका, काम मोजा. आणि कामाची राखण नियमांनी बरीच करून ठेवली आहे, ती सूत्रधाराने पाळावी. २०१४ चे पुस्तक मी चष्मा लावून वाचले आहे, पुतण्याने वाचले आहे की नाही याची मला शंका आहे. त्यात मांत्रिकाचे पुष्कळसे मोठे मंत्र चित्त एकाग्र असेपर्यंतच टिकतात. मार बसला की एकाग्रता मोडण्याचा धोका, ती मोडली की मंत्र गेला. म्हणजे पुढे उभे राहून मार अडवणारा लढवय्या हवाच. पण आमच्या माडीवर राक्षस मांत्रिकाला कधी मारतच नाहीत. मांत्रिकाची मोटारसायकल सूत्रधाराला कॉलेजला जायला लागते, हे कारण पुस्तकात नाही.

आणि झोप! मांत्रिकाचे संपलेले मंत्र आठ तासांच्या विश्रांतीनंतर परत मिळतात, आणि असा लाभ चोवीस तासांत एकदाच. आमचे पथक दर मारामारीनंतर झोपते. एक मारामारी, एक झोप! ज्या गावात बारा-बारा तासांची पाळी होते, त्या गावच्या पोरांनी हे करावे? दिवसात पाच-सहा मारामाऱ्या लावा, मग बघा तिसऱ्या मारामारीनंतर मांत्रिक कसा चिल्लर मोजतो ते. लढवय्याची तलवार काही संपत नाही.

या पुस्तकातली माझी सर्वांत आवडती तरतूद मात्र कुलपाची आहे. कुलूप उघडायचा एक मंत्र मांत्रिकाकडे असतो. तो असला की चोराची भाकरी गेली. नियमकर्त्याने मंत्र काढून घेतला नाही, की चोराला वाढीव गुण दिले नाहीत. एवढेच लिहिले, की मंत्राने कुलूप उघडते, पण 'ठक्क' असा मोठा आवाज तीनशे फुटांपर्यंत जातो. वा! आता हळूच जायचे असेल तर चोराचे पाय धरा. (आमच्या गावात लिहिला असता तर हा नियम फुकट गेला असता. माग चालू असताना तीनशे फूट राहोत, तीन फुटांवरचेही ऐकू येत नाही.)

हे सगळे मी पुतण्याला ऐकवले. तो म्हणाला, "काका, त्यावर उपाय आहे. शांततेचा मंत्र टाकायचा, ठक्क ऐकूच येत नाही."

मी पुस्तक उघडून दाखवले. तो मंत्र मांत्रिकाच्या यादीतच नाही. पुजाऱ्याकडे आहे, शाहिराकडे आहे. आमच्या पथकात पुजारी नाही. आणि 'तुझ्या गाण्यानं दर फेरीला शून्य इजा होते' असे तक्ता दाखवून सांगितल्यापासून शाहीर मांत्रिकाशी बोलत नाही.