चार तारे आणि एक कॅसेट

परवा भाच्याचा फोन आला. पहिला पगार झालाय, त्यातून एक पुस्तक घ्यायचंय म्हणे. "मामा, मी जॅझ ऐकायला लागलोय. मोबाइलवर सगळंच आहे, पण नुसतं माइल्स डेव्हिस टाकलं तरी इतकं काय काय येतं की शेवटी मी परत तेच ऐकतो. एखादं गाइड सांग ना."

मला जरा भरूनच आलं. एक तर हल्ली कुणी मामाला विचारून काही करत नाही. आणि दुसरं म्हणजे या बाबतीत मी स्वतः एक मोठी चूक करून बसलोय. फोनवर ती सांगता आली नाही, म्हणून इथे लिहितो.

आमच्या वेळी (हे दोन शब्द लिहिताना आपण म्हातारे झालो हे कळतं!) प्रश्न उलटा होता. महिन्याला एक सीडी परवडायची. काळा घोड्याच्या र्‍हिदम हाउसमध्ये तासभर घुटमळायचं आणि एकच उचलायची. ते दुकान २०१६ साली बंद झालं. चुकीची सीडी घेतली तर महिना वाया. अशा माणसाला 'पेंग्विन गाइड टु जॅझ' म्हणजे देवच भेटला. रिचर्ड कुक आणि ब्रायन मॉर्टन या दोघांनी लिहिलेलं, पहिली आवृत्ती १९९२ची. हजारावर पानं, उशाला घ्यावं असं जाड. वादकांच्या आडनावांप्रमाणे लावलेलं. प्रत्येक रेकॉर्डला जास्तीत जास्त चार तारे, मन पुरतं ठरत नसेल तर शेवटचा तारा कंसात, आणि लेखकांच्या खास लाडक्या रेकॉर्डींना वर एक मुकुट.

मी ते ताऱ्यांसाठी वाचायचो. चार असतील तर घ्यायची, तीन असतील तर बघू, अडीच असतील तर त्या वाटेलाच जायचं नाही.

तेव्हा ऑफिसातल्या एका मित्राने मला एक कॅसेट आणून दिली. स्वतः भरलेली, वर निळ्या शाईत नावं लिहिलेली. म्हणाला, "रात्री दिवे घालवून ऐक." मी घरी आलो, गाइड उघडलं, तारे बघितले आणि आठवड्याने कॅसेट परत केली. "छान आहे," म्हणालो. ऐकली नव्हती. त्याला ते कळलं असावं, कारण त्याने पुन्हा काही दिलं नाही. पुढे बदल्या झाल्या, भेटी कमी झाल्या, आणि एक दिवस तो गेल्याचंच कळलं.

गेल्या वर्षी तीच रेकॉर्ड मोबाइलवर सापडली. दिवे घालवून ऐकली. तिच्याबद्दल बोलायला आता तो नाही. रेकॉर्डचं नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही आधी तारे बघाल!

यात गाइडचा दोष काडीचाही नाही. दोष वाचणाऱ्याचा. पण म्हणूनच गाइड निवडताना काय बघावं याबद्दल माझं मत आता पक्कं झालंय.

पहिलं, माहिती. कोण काय वाजवतंय, कधी, कुठे. जॅझमध्ये हे फार महत्त्वाचं, कारण तीच धून वेगळ्या ड्रमरबरोबर वेगळी होते. शिवाय कुठली प्रत घ्यायची हेही कळायला हवं. डेव्हिसची १९५९ची 'काइंड ऑफ ब्लू' घ्या. रेकॉर्डिंगच्या वेळी एक टेपयंत्र जरा संथ चाललं, त्यामुळे पहिल्या बाजूच्या तिन्ही धून कित्येक वर्षं किंचित चढ्या सुरात विकल्या गेल्या. १९९० च्या दशकात ते दुरुस्त झालं. तंबोऱ्याशी नातं असलेल्या आपल्या कानांना हा फरक किरकोळ वाटणार नाही. अर्थात नुसती माहितीच हवी तर ब्रायन रस्टची १८९७ ते १९४२ची सूची आहे, पण ती संशोधकांची. तिच्यात कुणी "वा!" म्हणत नाही.

दुसरं आणि मोठं, आवाज. सवाई गंधर्वला वर्षानुवर्षं शेजारी बसणारे एखादे काका असतात. त्यांची दाद कुठे पडते, नाक कुठे मुरडतं, हे आपल्याला पाठ होतं. ते चुकले तरी कसे चुकतील हे माहीत असतं, म्हणून ते उपयोगी. कुक-मॉर्टन मला तसे वाटतात. 'ऑल म्युझिक गाइड'ची व्याप्ती दांडगी, बाजारातून गेलेल्या रेकॉर्डीही त्यात भेटतात, आणि त्यांची वेबसाइट आजही हाताशी आहे. पण तिथे इतके लिहिणारे की एकाशी धड भांडता येत नाही.

आणि भांडता यायला हवं. कारण प्रत्येक गाइडला कुंपण असतं. पेंग्विनचं कुंपण म्हणजे तेव्हा दुकानात मिळणाऱ्या रेकॉर्डी. आता आपले चिक चॉकलेट बघा. हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ, मुंबईत ताजमध्ये ट्रम्पेट वाजवायचे, सी. रामचंद्रांकडे काम करायचे, १९५१च्या 'अलबेला'त पडद्यावरही दिसतात. अशा माणसाला शोधायचं तर नरेश फर्नांडिस यांचं २०१२चं 'ताज महाल फॉक्सट्रॉट' उघडावं लागतं. गाइडमध्ये नाही म्हणजे संगीतातच नाही, असं समजू नये.

तर भाचेबुवा, २०१०चं 'पेंग्विन जॅझ गाइड' घे. कुक २००७ साली गेले, ते काम मॉर्टननी तडीस नेलं. १००१ रेकॉर्डी, आडनावांऐवजी काळाच्या क्रमाने, त्यामुळे गोष्टीसारखं वाचता येतं. पुढे चटक लागली तर २००८ची जाडजूड नववी आवृत्ती रद्दीवाल्याकडे, जुन्या पुस्तकवाल्यांकडे शोध.

फक्त एक कर. आधी ऐक, मग पान उघड. तुझं मत पेन्सिलीने समासात लिही आणि मगच त्यांचं वाच. आणि कुणी हाताने काही आणून दिलं, तर गाइड कपाटातच राहू दे.

असो. मंडळी, तुमच्याकडेही अशी न ऐकता परत केलेली एखादी कॅसेट असेल तर जरूर लिहा.

ता.क. ताई, त्याला पुस्तक मीच घेऊन देणार आहे. पगाराचे पैसे आधी तुझ्या हातावर ठेवायला सांग.