कुंड्या वाढवल्या म्हणजे गाडीतळ स्वच्छ होईल काय?



गळीत हंगाम तोंडावर आला की गाडीतळाच्या घाणीचा विषय निघतो आणि दर साल मागणी एकच, कचराकुंड्या वाढवा. मागणीमागचा हेतू चांगला आहे. पण कुंडी बसली म्हणजे कचरा गेला, असे होत नाही. जी कुंडी रोज उपसली जात नाही ती दोन दिवसांत भरते. तिसऱ्या दिवशी लोक तिच्याशेजारी टाकतात, रात्री कुत्री ओढून पसरवतात आणि आपल्याच खर्चाने एक नवा उकिरडा तयार होतो. कुंडीवर देणगीदाराचे नाव मात्र ठळक रंगवलेले असते!

टोकियोच्या भुयारी रेल्वेत २० मार्च १९९५ रोजी विषारी वायूचा हल्ला झाला. त्यानंतर सुरक्षेसाठी तिथल्या बऱ्याच सार्वजनिक कुंड्या काढून टाकल्या. तरी रस्ते घाण झाले नाहीत. लोक आपला कचरा पिशवीत घालून घरी नेतात. आता कोणी म्हणेल, ते जपान हो, आपल्याकडं कसं जमायचं? मग इंदूर बघा. रस्त्यावरच्या कुंड्या हटवून त्यांनी दारोदार गाडी फिरवली आणि २०१७ पासून २०२३ पर्यंत स्वच्छ सर्वेक्षणात पहिला क्रमांक सोडला नाही. शेवटच्या वर्षी तो सुरतेबरोबर विभागून मिळाला. पुण्यात तर कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्थाच २००८ मध्ये महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. सहकारात वाढलेल्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको.

म्हणून तळावर कुंडी नकोच, असे माझे म्हणणे नाही. गावातल्या माणसाला घर आहे, दारात घंटागाडी येते. काट्यासमोर रात्रभर नंबर धरून बसलेल्या गाडीवानाने चहाचा कप आणि भाकरीची पिशवी टाकायची कुठे? त्याचे बिऱ्हाड खोपटात. तेव्हा काटा, चहाची टपरी आणि पाण्याची टाकी, एवढ्या ठिकाणी कुंडी हवीच. तीही झाकणाची, आणि बैलाचे तोंड पोचणार नाही इतकी उंच.

बैलाचे मुद्दाम लिहितो. खरकट्याच्या वासाने जनावर प्लॅस्टिकची पिशवी अख्खी गिळते. ती पचत नाही, पोटात गोळा होऊन बसते. रवंथ थांबतो, पोट फुगते, वैरण सुटते. वेळेत कळले तर डॉक्टर पोट उघडून ती काढतात. नाही कळले तर बैल जातो. उचल घेऊन जोडी उभी केलेल्या माणसाचा सारा हंगाम तिथेच बुडतो.

येत्या सर्वसाधारण सभेत कुंड्यांच्या खरेदीचा विषय आलाच, तर सभासदांनी आधी तीन गोष्टी विचाराव्यात. रोज कोणत्या पाळीला कुंड्या उपसणार, कोण उपसणार, आणि प्लॅस्टिक वेगळे करून पुढे कुठे धाडणार? त्या माणसाच्या हंगामभराच्या पगाराची तरतूद अंदाजपत्रकात दिसली, तर खरेदीला खुशाल हात वर करावा.