नुसता अर्थ नको, वाक्य पाठ करा



आपल्या राज्यात २००० सालापासून मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे चौथीपर्यंत चार वर्षे होतात. तरी 'इंग्रजीत बोला' म्हटले की वर्ग गप्प! माझ्या मते याला कारण क्रियापदे. नावांचे काही अवघड नाही. गाय म्हणजे काऊ, झाड म्हणजे ट्री. बोट दाखवले की झाले. क्रियापदांचे तसे नाही. ती एकास एक जुळतच नाहीत.

आपला 'चालणे' हा शब्द बघा. माणूस चालतो, पंखा चालतो, आणि 'उद्या आलास तरी चालेल' असेही आपण म्हणतो. वहीत 'वॉक म्हणजे चालणे' एवढेच लिहिले तर पंखासुद्धा वॉक करायला लागेल! इंग्रजीत वॉक पायांनी करतात. यंत्राला रन म्हणतात, म्हणजे त्यांचा पंखा पळतो.

'बघणे' याला तीन शब्द आहेत. सहज दिसले तर सी. मुद्दाम नजर वळवली तर लुक. क्रिकेटची मॅच बघत बसलो तर वॉच.

आपण पैसे उसने घेतो आणि उसने देतोही. इंग्रजीत घेतले तर बॉरो आणि दिले तर लेंड. यात अदलाबदल झाली तर ज्याने पैसे घेतले तोच सावकार ठरेल!

पण इंग्रजीच श्रीमंत असे समजू नका. आपण साडी नेसतो, सदरा घालतो, फेटा बांधतो, गजरा माळतो. इंग्रजीत सगळ्याला एकच, वेअर.

आता आपल्याकडची गोष्ट. वारल्यांच्या घरी लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक करतात. आपली माणसे 'चौक लिहिला' म्हणतात. शाळेत आपण 'चित्र काढले' म्हणतो. इंग्रजीत अक्षरे लिहिली तर राइट, पेन्सिलीने चित्र काढले तर ड्रॉ, रंगाने काढले तर पेंट. म्हणून चौकाला पेंट म्हणायचे. शेजारच्या डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा मशे यांना याच चित्रकलेसाठी २०११ साली पद्मश्री मिळाली. तेव्हा वर्गात कोणी 'चौक लिहिला' म्हणाले तर हसू नये. ती चूक नाही, ते घरचे बोलणे आहे. हसतील म्हणून जो घाबरतो तो बोलतच नाही. आणि बोलल्याशिवाय कोणतीच भाषा येत नाही.

म्हणून माझे मत असे आहे की नुसते शब्द आणि अर्थ पाठ करू नयेत. वहीत तीन रकाने आखावेत. पहिल्यात घरचे बोलणे, दुसऱ्यात पुस्तकातली मराठी, तिसऱ्यात इंग्रजीतले पूर्ण वाक्य. क्रियापद निवडताना स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. कोण करतो? कशाने करतो? कोणीकडे करतो? इकडे आणायचे तर ब्रिंग, तिकडे न्यायचे तर टेक. उत्तर आपोआप सापडते.

पालकांना एक विनंती. तुम्हाला इंग्रजी येत नसले तरी हे तीन प्रश्न मराठीत किंवा घरच्या बोलीत विचारता येतील. संध्याकाळी 'स्पेलिंग सांग' असे न म्हणता 'एक वाक्य बोल' म्हणा. चुकले तर रागावू नका. रोज एक वाक्य बोलले तर वर्षाची तीनशे पासष्ट वाक्ये होतील!

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी, उधवा